दोन पिचर आणि एक कडक मास्तर

संख्याशास्त्रात आयुष्य घालवलेल्या माणसाकडे लोक दोनच कामांसाठी येतात. लॉटरीचा नंबर सांगा म्हणून, नाहीतर जुनं चांगलं होतं की नवं याचा निकाल द्या म्हणून. पहिल्यांना मी चहा पाजून परत पाठवतो. दुसऱ्यांना तसं पाठवता येत नाही, कारण त्यांचा प्रश्न खरा असतो. आमचे एक व्याही आपले मॅट्रिकचे गुण आणि नातवाचे गुण घेऊन आले होते. नातवाचे जास्त होते आणि ते त्यांना सोसत नव्हतं. "तुमच्या शास्त्राने सिद्ध करा," म्हणाले, "की आमच्या वेळचे गुण आताच्या दीडपट." मी म्हटलं, "तुमचे पेपर तपासणारे मास्तर आणा, मग सांगतो." ते रागावून गेले. मी त्यांची चेष्टा करतोय असं त्यांना वाटलं, पण मला खरोखरच मास्तर हवे होते. ही गोष्ट मी स्टुटगार्टला शिकलो, आणि तीही बेसबॉलवर. त्या खेळाची बॅट मी आजतागायत हातात धरलेली नाही.

साठ सालाच्या आसपासची ही हकिगत. मी तिथल्या टेक्निशे होखशूलमध्ये, म्हणजे तंत्रविद्यापीठात, डॉक्टरेट करत होतो. माझा खोलीसोबती पानसे त्सुफेनहाउझेनला मोटारींच्या कारखान्यात शिकाऊ इंजिनियर होता. एका विधवाबाईंच्या घरात, छपराखालच्या खोलीत आम्ही राहायचो. स्टुटगार्ट म्हणजे द्रोणातलं शहर. काम खाली आणि घर वर, त्यामुळे दिवसाचा शेवट नेहमी पायऱ्या चढण्यात व्हायचा. शहराबाहेरच्या टेकडीवर अमेरिकन छावणी होती. तिच्या क्रीडा कार्यालयाला आकडेमोड करणारा माणूस हवा आहे, ही बातमी पानसेने आणली.

तिथल्या मेजरसाहेबांनी मला विचारलं, "बेसबॉल येतो?"

"नाही."

"उत्तम. ज्यांना येतो ते इथे रोज भांडतात," म्हणाले आणि मला टेबल दिलं. टेबलावर हाताने फिरवायचं गणकयंत्र होतं. त्याचा खडखडाट सुरू झाला की शेजारच्या खोलीतला कारकून दार लावून घ्यायचा. डॉक्टरेट पुरी व्हायला अवकाश होता, तरी पहिल्या दिवसापासून छावणीने मला 'डॉक' करून टाकलं.

बाहेरच्या वाचकांसाठी धंदा समजावून सांगतो. पिचर म्हणजे आपला गोलंदाजच, फक्त टप्पा न पाडता टाकणारा. सामना नऊ डावांचा. दर नऊ डावांमागे पिचरने किती धावा दिल्या, यावर त्याची किंमत ठरते. जितक्या कमी तितका तो थोर. आता आपल्या क्रिकेटमध्ये झेल सुटला आणि त्या फलंदाजाने पुढे शतक ठोकलं, तरी सगळ्या धावा बिचाऱ्या गोलंदाजाच्या नावावर. बेसबॉल या बाबतीत दयाळू आहे. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे झालेल्या धावा पिचरच्या नावावर मांडत नाहीत. पण ती चूक होती की फटकाच भारी होता, हे ठरवायचं कोणी? तर मैदानाच्या कडेला टेबल टाकून बसलेल्या स्कोअररने. म्हणजे पिचर किती थोर हे काही अंशी स्कोअररच्या स्वभावावर असतं. हे लक्षात आल्यावर मला त्या खेळाची गोडी लागली.

छावणीत माझा पहिला मित्र झाला सार्जंट ओटिस. कोठाराचा प्रमुख, काळा, चाळिशी ओलांडलेला, अलाबामातला. माझ्या पहिल्या थंडीत माझा मुंबईहून आणलेला कोट बघून त्याने विचारलं, "डॉक, हा कोट आहे की सदरा?" आणि दुसऱ्या दिवशी सैन्याचा एक लोकरी ओव्हरकोट माझ्या खुर्चीवर आला. तो मला गुडघ्याखाली वीतभर लांब होता. ओटिसची बायको एल्झे स्टुटगार्टच्याच कानश्टाट भागातली. दोघं कधी कधी रविवारी आमच्या खोलीवर यायची. पानसेच्या हातची आमटी आणि भात ओटिस दोनदा वाढून घ्यायचा आणि म्हणायचा, "आमच्याकडे घेवडा असाच शिजवतात, फक्त आई एवढी भांडी जाळत नसे." पानसेला हा अपमान वाटायचा नाही, कारण भांडी तो खरंच जाळायचा.

ओटिस एके काळी मोठा पिचर होता, असं लोक म्हणायचे. आताचा हिरो होता डॅनी, ओहायोचा, बाविशीतला उंच पोरगा. त्याचा चेंडू दिसायच्या आधी ऐकू यायचा. एका वसंतात मेजरसाहेबांनी ठरवलं की मैदानाला नवा मोठा फळा लावायचा आणि त्यावर छावणीच्या आजवरच्या दहा उत्तम पिचरांची नावं क्रमाने रंगवायची. क्रम मी लावायचा, शास्त्रशुद्ध.

मी फायली काढल्या आणि प्रत्येक पिचरला त्याच्या हंगामाच्या सरासरीशी ताडून पाहिलं. कुठल्या वर्षी फलंदाज तेज असतात, कुठल्या वर्षी चेंडू नवे येतात. म्हणून माणसाला त्याच्या वर्गातल्या मुलांशीच तोलायचं, हा साधा नियम. डॅनी पहिला आला. ओटिस आला नववा.

दोन दिवसांनी ओटिस माझ्या टेबलाशी येऊन बसला. "डॉक, मी कितवा?"

"नववा."

"आणि नेकारकाठचे सामने?"

"त्यांची अधिकृत नोंद नाही, सार्जंट."

इथे थोडं मागे जावं लागेल. युद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत अमेरिकन सैन्यात काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. झोपायला वेगळ्या, जेवायला वेगळ्या, खेळायलाही वेगळ्या. गोऱ्यांचे सामने टेकडीवरच्या मैदानावर व्हायचे. काळ्यांचे संघ आपसांत खेळायचे ते खाली नेकार नदीच्या काठी, मालगाड्यांच्या यार्डाजवळ, पडक्या घरांच्या विटा हलवून केलेल्या जागेत. पुढे तुकड्या एकत्र झाल्या, संघही एकत्र झाले, आणि आमच्या कार्यालयाच्या फायली तिथपासून सुरू होत होत्या. तोवर ओटिसचा चेंडू टाकायचा डावा खांदा कामातून गेला होता. म्हणजे मी त्याची उतरती वर्षं डॅनीच्या भर ज्वानीशी ताडली होती.

नेकारकाठच्या सामन्यांना छावणीने स्कोअरर दिला नव्हता. तेव्हा त्या संघांनी एक जर्मन शाळामास्तर गाठले. हेर क्नोल; जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत. शाळा बॉम्बमध्ये गेली होती, मास्तर रिकामे होते. ओटिस आणि मंडळींनी त्यांना बेसबॉलचे नियम शिकवले, मास्तरांनी ते पाठ केले, आणि मग प्रत्येक सामना कोट-टाय घालून, टोकदार पेन्सिलीने लिहून काढला. हे कागद त्यांच्याकडे आहेत, हे छावणीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण मेजरसाहेबांचं म्हणणं, ज्याने जन्मात बॅट पाहिली नाही त्या जर्मन मास्तराने लिहिलेलं धरायचं कसं?

ओटिस खालच्या आवाजात म्हणाला, "शरद ऋतूत माझी नोकरी संपते. एल्झेला घेऊन मी घरी जाणार. तो फळा इथे राहील. डॉक, आम्ही खेळलो होतो रे. कुठेतरी ते लिहिलेलं असावं, एवढंच."

मी मेजरसाहेबांकडे गेलो. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. म्हणाले, "ते आकडे भरवशाचे आहेत हे मला पटव, मी ती वर्षं धरीन. नाही पटलं तर नाही. हंगाम संपायच्या आत."

क्नोल मास्तर कानश्टाटला राहायचे. त्यांनी कपाट उघडलं. सगळे सामने तारीखवार, डागविरहित. मी ते खोलीवर आणून मांडले आणि पाहतो तर ओटिस नुसता पहिला नव्हता, बाकीचे त्याच्या आसपासही नव्हते. पानसे म्हणाला, "झालं की काम! आता आइनफाख, सरळ लिही आणि देऊन टाक."

पण माझं मन खात होतं. त्या सामन्यांत क्षेत्ररक्षकांच्या चुका फार होत्या. एका सामन्यात इतक्या चुका करणारे लोक सामना पुरा करतील कसा, असं वाटावं इतक्या. धावा होत होत्या, पण त्यातल्या बऱ्याचशा चुकांच्या नावावर जात होत्या आणि पिचर मोकळा सुटत होता. मी पुन्हा मास्तरांकडे गेलो.

"हेर क्नोल, तुम्ही चूक कशाला म्हणायचात?"

"चेंडू हाताला लागला आणि सुटला, की चूक."

"पण चेंडू फार जोरात आला असेल तर?"

मास्तरांनी चष्मा काढला. "हेर दातार, मी तीस वर्षं शुद्धलेखन तपासलं. शब्द अवघड होता म्हणून मी कुणाची चूक सोडली नाही. फेलर म्हणजे फेलर, चूक ती चूक."

उलगडा झाला. मास्तर क्षेत्ररक्षकांना शुद्धलेखनासारखे तपासत होते, आणि त्यांच्या कडकपणाचा फायदा आपसूक पिचरला मिळत होता. ओटिसच्या आकड्यांत ओटिस किती आणि मास्तर किती, हे वेगळं केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते दुखावले. "म्हणजे मी चुकलो?"

"नाही. तुम्ही कडक आहात. पण सगळ्यांशी, सदासर्वदा तेवढेच कडक असलात तर आमच्या धंद्यात तुमच्याइतका मोलाचा माणूस नाही. शेरभर मारणारा तराजूही चालतो, फक्त दर वेळी शेरभरच मारला पाहिजे."

मग एका तराजूवर तोललेलं पोतं दुसऱ्या तराजूवर ठेवायचं ठरवलं. त्या उन्हाळ्यात टेकडीवरच्या प्रत्येक सामन्याला टेबलाशी दोघं बसले. एका बाजूला छावणीचा अमेरिकन स्कोअरर, शर्टाची बटणं उघडी, तोंडात च्युइंगगम. दुसऱ्या बाजूला क्नोल मास्तर, कोट-टाय, मांडीवर घडी केलेला रुमाल. दोघांनी एकच सामना आपापला लिहायचा, एकमेकांचा कागद बघायचा नाही. बोलायचंही नाही, असा नियम मी केला होता, पण तो पहिल्या दिवशीच मोडला.

"हे चूक नाही?" मास्तर विचारायचे.

"अरे बाबा, तो चेंडू बंदुकीतून आला होता!"

"आल्झो, हे बघा, चेंडू कुठून आला हा विषय नाही. हातातून कुठे गेला हा विषय आहे."

महिन्याभरात चित्र स्पष्ट झालं. मास्तर भलतेच कडक होते, पण ऊन असो, पाऊस असो, त्यांची पट्टी इंचभर हलत नव्हती. उलट आमच्या अमेरिकन स्कोअररचं आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. मित्राच्या हातून सुटला तर फटका भारी, न आवडणाऱ्याच्या हातून सुटला तर चूक. मला तेव्हा कळलं ते असं, की कडक मास्तर परवडतो, लहरी मास्तर नाही परवडत. पुढे न्युरेम्बर्गच्या कारखान्यात नोकरी करताना हेच माझ्या उपयोगी पडलं. तिथला एक म्हातारा फोरमन युद्धाआधीचे सुटे भाग जास्त अचूक होते असं छातीठोक सांगायचा. मी भाग तपासायच्या आधी त्याची मोजपट्टी तपासायला मागितली, तर त्याने मला आठवडाभर गुटेन मॉर्गन म्हटलं नाही.

आणखी एक शंका उरली होती. नेकारकाठचे फलंदाजच कच्चे असले तर? त्यालाही वाट सापडली. तुकड्या एकत्र झाल्यावर त्यातले बरेच जण टेकडीवरच्या संघांत खेळले होते आणि तिथेही त्यांनी गोऱ्यांच्या बरोबरीने धावा काढल्या होत्या. म्हणजे खाली ओटिससमोर उभी राहिलेली माणसं वर डॅनीसमोर उभी राहणाऱ्यांपेक्षा कमी नव्हती. हे अहवालात लिहिताना मला फार बरं वाटलं होतं, ते अजून आठवतं.

मग मास्तरांचा कडकपणा वजा करून मी यादी पुन्हा लावली. यंत्राचा दांडा फिरवला, उलट फिरवला, पुन्हा फिरवला. ओटिस दुसरा. डॅनी थोडक्यात पहिला.

पानसेने कागद पाहिला. "किती थोडक्यात?"

"अगदी थोडक्यात."

"मग तू येडा आहेस का रे? तो पोरगा अजून दहा वर्षं खेळेल. ओटिस चाललाय. आपला माणूस आहे, अंगावर त्याचा कोट घालून बसलायस. थोडं कमी वजा केलंस तर कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"तुम्हा पुण्याच्या लोकांना स्वतःला कळण्याचं फार कौतुक," पानसे म्हणाला. तो नागपूरचा.

मी बाणेदार उत्तर दिलं खरं, पण ओटिसला सांगायला जाणं मी रविवारपर्यंत पुढे ढकललं. त्यांच्या घरी एल्झेने केक केला होता. मी सगळं समजावून सांगितलं. केक कापायचा राहिला आणि एल्झेच उसळली. "मी तिथे होते, हेर दातार. मी रोज बघत होते. त्याच्या चेंडूला कोणी हात लावू शकत नव्हतं. तुम्ही नव्हता. आणि तुम्ही वजा करताय?"

ती म्हणत होती ते खोटं नव्हतं. आकडे काढणारा माणूस नेहमी नंतर येतो.

ओटिसने कपातली कॉफी हलवली. "मास्तरांच्या कागदांवर मी पहिला आहे ना?"

"हो. फार पुढे."

"ते तसेच दिलेस तर?"

"मेजरसाहेब पहिल्या पानावर हसतील. जर्मन मास्तराला खेळ कळत नव्हता म्हणतील आणि ती सगळी वर्षं बाहेर ठेवतील. वजा केलं तरच ती भरवशाची ठरतात."

"बाहेर ठेवली तर मी नववा."

"हो."

"आणि धरली तर आणखी कोण येतं?"

हे तो विचारेल असं मला वाटलं नव्हतं. मी कागद बघून नावं वाचली. खालच्या मैदानावरचे आणखी चौघे पहिल्या दहांत येत होते, एक त्याच्याच संघातला, तिघे समोरच्या संघांतले. प्रत्येक नावाला ओटिस मान हलवत होता. एका नावाला तो हसला, एकाला त्याने डोळे मिटले. ती माणसं केव्हाच आपापल्या गावी गेली होती. एकाचा पत्ताही कोणाला ठाऊक नव्हता.

"मग वजा कर, डॉक," तो म्हणाला.

एल्झे स्वयंपाकघरात निघून गेली. केक आम्हाला ओटिसनेच वाढला. पहिला नंबर हातचा जाताना माणसाला काय वाटतं ते मी त्या दुपारी समोर बसून पाहिलं. त्याचा आवाज एकदाच फाटला, मीठ दे म्हणाला तेव्हा, आणि केकला मीठ लागत नाही हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मेजरसाहेबांनी माझा अहवाल आठवडाभर ठेवून घेतला. मग मला बोलावलं. "यातलं अर्धं मला कळलं नाही," म्हणाले. "पण ज्याने स्वतःच्या मित्राला पहिल्यावरून दुसऱ्यावर आणलं, त्याच्या बेरजेवर मी सही करतो." खरं सांगायचं तर हे शास्त्रीय कारण नव्हे. पण सही झाली.

हंगामाच्या शेवटच्या सामन्याला फळा उघडला. आम्ही सगळे होतो. क्नोल मास्तर नवा टाय लावून आले होते. एल्झेही आली, पण माझ्यापासून चार खुर्च्या सोडून बसली. पहिल्या नावाला टाळ्या पडल्या, दुसऱ्याला त्याहून जास्त पडल्या. ओटिसने टोपी काढून कपाळाला लावली, बस. बँड वाजला, लोक पांगले, फळ्याखाली थोडे जण उरले.

डॅनी आपलं नाव बघायला आला. बाविशीच्या पोराने बघावं तसं त्याने ते भरपूर बघितलं. मग त्याची नजर खाली उतरत गेली आणि अडली.

"सार्जंट," तो म्हणाला, "तुम्हाला मी ओळखतो. हा चौथा कोण? आणि हा पाचवा, सातवा? ही नावं कधी ऐकली नाहीत."

"बस," ओटिस म्हणाला, आणि स्वतःही लाकडी पायरीवर टेकला. "हा चौथा ट्रक चालवायचा. एवढा सावकाश चेंडू टाकायचा की फलंदाज वाट बघून बघून चिडायचे, आणि चिडले की संपलेच." क्नोल मास्तरांना सगळं इंग्रजी कळत नव्हतं, पण नाव कळलं. ते म्हणाले, "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि हाताने त्या चेंडूची वाट हवेत काढून दाखवली. डॅनी हसला. आणखी दोघे पोरगे येऊन खालच्या पायरीवर बसले. एल्झे उठली, आणि चार खुर्च्यांचं अंतर तोडून माझ्या शेजारी येऊन बसली.

"बरं," डॅनीने विचारलं, "आणि पाचवा?"